गच्ची सगळ्यांची, मग वीज कुणाची?

मागच्या अंकात आम्ही वाचकांना विचारलं होतं की तुमच्या सोसायटीत, गल्लीत, वाडीत सोलर आणायचा प्रयत्न चाललाय का आणि गाडी नेमकी कुठे अडलीय. पत्रं आणि मेसेज भरपूर आले. गंमत म्हणजे पॅनल, इन्व्हर्टर वगैरेचे प्रश्न कमी आणि ‘आमचे चेअरमन ऐकत नाहीत’ टाईप तक्रारी जास्त. त्यातले काही निवडलेत, नावं मुद्दाम छापत नाही, उगाच एजीएममध्ये भांडणं नकोत.

प्रश्न : आमच्या चार विंग, ७२ फ्लॅट. कॉमन बिल महिन्याला ३८ हजारांच्या घरात जातं, २,६०० युनिट. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी ‘सोलर लावा, सगळ्यांचं बिल शून्य’ असं टाकलं आणि आता अर्धे लोक म्हणतात प्रत्येक फ्लॅटला सोलर द्या नाहीतर आम्ही पैसे देणार नाही. चारही गच्च्या मोजल्या, टाक्या आणि जिन्याच्या खोल्या सोडून ५,००० फूटसुद्धा भरत नाही. सुरुवात कुठून करू? — एक सेक्रेटरी, डोंबिवली

आधी तो फॉरवर्ड विसरा. ढोबळ हिशेब असा की एक किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि त्यातून आपल्याकडे दिवसाला सरासरी ४ युनिट, म्हणजे महिन्याला १२० च्या आसपास वीज मिळते, पावसाळ्यात कमी आणि मार्च-एप्रिलमध्ये जास्त. आता ७२ फ्लॅटना प्रत्येकी ३ किलोवॉट द्यायचं म्हटलं तर २१,६०० फूट गच्ची पाहिजे. कुठून आणणार? उंच इमारतीचं हे दुखणंच आहे, माणसं एकावर एक रचलेली आणि छप्पर सगळ्यांत मिळून एकच. दिल्लीत २०१९ पासून एकाच प्लांटची वीज कागदावर वाटून वेगवेगळ्या ग्राहकांच्या बिलात वळती करायची सोय आहे, पण सोय असली तरी गच्ची काही वाढत नाही.

म्हणून कॉमन मीटरपासून सुरू करा. लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले आणि पार्किंगचे दिवे. यात कुणाला जास्त कुणाला कमी असं काही नाही, मेंटेनन्स सगळ्यांचाच वाचतो. तुम्हाला २० किलोवॉट पुरतं, म्हणजे २,००० फूट जागा आणि महिन्याला २,४०० युनिटच्या आसपास. उंच स्ट्रक्चर, म्हणजे पॅनल ज्यावर बसतात तो लोखंडी सांगाडा, धरून १२-१३ लाख खर्च येईल असं समजा. पीएम सूर्यघर योजनेत (२०२४ ची ती) सोसायटीच्या कॉमन कामांसाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये सबसिडी आहे, म्हणजे तुम्हाला ३ लाख ६० हजार. राहिले साडेआठ ते साडेनऊ लाख, फ्लॅटमागे १२-१३ हजार. तुमच्या बिलावरून युनिट साडेचौदा रुपयांना पडतंय, त्यातला स्थिर आकार तसाच राहणार, तरी महिन्याला ३० हजारांच्या वर वाचायला हरकत नाही. तीन वर्षांच्या आतबाहेर पैसे वसूल, पॅनलची वॉरंटी २५ वर्षांची. हे आकडे फळ्यावर लिहा आणि मग विचारा कोण नाही म्हणतंय. सिंकिंग फंडाला (मोठ्या कामांसाठी बाजूला साठवलेला पैसा) मात्र सहज हात घालू नका, तो कशासाठी वापरायचा हे उपविधीत ठरलेलं आहे. त्यापेक्षा जनरल बॉडीत ठराव करून वर्गणी काढा किंवा कर्ज घ्या.

आणि आता ती गोष्ट जी व्हेंडर सांगत नाही. तुमचे कॉमन मीटर किती आहेत ते खाली मीटररूममध्ये जाऊन बघा. चार विंगचे चार, पंपाचा पाचवा असं असतं बरेचदा, आणि नेट मीटरिंग, म्हणजे सोलरची जादा वीज वीज कंपनीला देऊन ती बिलातून वजा करायची सोय, हे मीटरला लागतं, सोसायटीला नाही. म्हणजे ए विंगच्या मीटरला २० किलोवॉट जोडलं तर डी विंगची लिफ्ट त्यावर चालणार नाही, शिवाय मीटरचा मंजूर भार जेवढा त्याहून मोठं सोलर बसवताही येत नाही. आधी मीटर एकत्र करायचा अर्ज द्या नाहीतर लोड वाढवून घ्या. त्याच वेळी बिलावरचं नाव वाचा. वीस-वीस वर्षं झालेल्या सोसायट्यांची कॉमन बिलं अजून बिल्डरच्या नावावर येतात, कुणाचं लक्षच नसतं, आणि मग सबसिडीचा अर्ज तिथेच अडकतो कारण बिल एकाच्या नावावर, बँक खातं दुसऱ्याच्या. नाव बदलायला जो वेळ जातो त्यात निम्म्या लोकांचा उत्साह मावळतो, म्हणून हे काम ठरावाच्याही आधी उरकून घ्या.

प्रश्न : मी सर्वात वरच्या मजल्यावर राहते. गेल्या वर्षी वॉटरप्रूफिंगला सोसायटीने एवढा खर्च केला आणि आता त्यावर भोकं पाडणार म्हणतात. शिवाय गच्ची गेली की आमचं वाळवण कुठे घालायचं, आणि कोजागिरी? — कोथरूडच्या एक काकू

काकू, तुमचा पहिला मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे आणि तो तुम्ही लेखी द्या. भोकं न पाडता सुद्धा पॅनल बसतात, खाली काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यावर लोखंडी पाय उभे करतात, वजनावर राहतं सगळं. पण ते वजन आणि वारा गच्ची झेलेल का याचं स्ट्रक्चरल इंजिनिअरचं सही-शिक्क्याचं पत्र मागा. व्हेंडरचा माणूस ‘होऊन जाईल मॅडम’ म्हणतो ते पत्र नव्हे. वर्क ऑर्डरमध्येच एक ओळ घालायला लावा की बसवल्यावर अमुक वर्षांत पॅनलखालून गळती झाली तर दुरुस्तीचा खर्च व्हेंडरचा.

वाळवणाचं म्हणाल तर स्ट्रक्चर आठ-दहा फूट उंच घ्यायला सांगा. थोडं महाग पडतं पण खालून माणूस ताठ चालू शकतो, टाकी धुता येते, कोजागिरीचं दूधही आटवता येतं. फक्त चंद्र बघायला जरा कडेला यावं लागेल. पापड-कुरडयांना ऊन पाहिजे, ते पॅनलखाली मिळणार नाही, तेव्हा दक्षिणेकडे नाहीतर पश्चिमेकडे एक पट्टा मोकळा ठेवायचा ठराव आत्ताच मांडा, नंतर कुणी ऐकत नाही. स्लॅबवर सावली पडली की तुमचं घर उन्हाळ्यात थोडं गार राहील, हा फायदा वरच्या मजल्यालाच आहे.

प्रश्न : सोलर बसवल्यावर लाईट गेली तरी लिफ्ट चालू राहील ना? — ठाणे

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त लोकांनी विचारलाय आणि सगळ्यात जास्त थापा पण यातच मारल्या जातात.

साधं ऑनग्रिड सोलर, म्हणजे ग्रिडला (वीज कंपनीच्या तारांना) जोडलेलं, ग्रिडची वीज गेली की स्वतःहून बंद पडतं, डोक्यावर कितीही ऊन असू दे. ते मुद्दाम तसं केलेलं असतं. कारण खाली रस्त्यावर वायरमन खांबावर चढून दुरुस्ती करत असतो, त्याच्या समजुतीने लाईन बंद आहे आणि तुमच्या गच्चीवरून त्यात करंट येत राहिला तर त्याचा जीव जाईल. बॅकअप पाहिजे असेल तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, आणि लिफ्टसाठी ते भलतंच महाग पडतं. जनरेटर आहे ना? तो राहू द्या. पण जनरेटर चालू असताना सोलर त्यात उलटी वीज ढकलणार नाही असा कंट्रोलर बसवलाय की नाही ते नक्की विचारा, नाहीतर जनरेटरची वाट लागते.

प्रश्न : तीन कोटेशन आलीत, तिन्ही ३० किलोवॉटची, पण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग यात चार लाखांचा फरक. स्वस्तवाल्याला का देऊ नये? — पिंपरी

किलोवॉट सारखे म्हणून माल सारखा होत नाही. स्वस्त कोटेशनमध्ये स्ट्रक्चर बघा, हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (गंजू नये म्हणून वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं) आहे की नुसता सिल्व्हर कलर मारलाय. दुसरं म्हणजे पॅनल. सबसिडी हवी असेल तर पॅनल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले लागतात, त्यांना डीसीआर म्हणतात, ते महाग असतात, आणि काही जण कोटेशनमध्ये सबसिडी वजा करून दाखवतात पण पॅनल बिगर-डीसीआर लावतात. मग सबसिडी येतच नाही आणि व्हेंडर म्हणतो ‘पोर्टलचा प्रॉब्लेम आहे’. अर्थिंगचे खड्डे किती, आकाशातली वीज पडली तर वाचवणारा वीजरोधक आहे का, इन्व्हर्टरची वॉरंटी किती वर्षं, धुवायला पाण्याची लाईन आणि चालायला जागा ठेवलीय का, हे ओळीने विचारत जा. व्हेंडर वीज कंपनीच्या यादीतला हवा, पीएम सूर्यघरच्या पोर्टलवर यादी दिसते.

तुम्ही लिहिलंय की दक्षिणेला शेजारच्या प्लॉटवर टॉवर उभा राहतोय. मग सगळ्यात आधी सावली. पुण्याकडे पॅनल दक्षिणेकडे तोंड करून १५ ते २० अंशांत कलते ठेवतात आणि डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेला खाली उतरलेला असतो, तेव्हा सावल्या वर्षातल्या सगळ्यात लांब. मे महिन्यात येऊन ‘एकदम क्लिअर गच्ची आहे’ म्हणणाऱ्याला सांगा की डिसेंबरची सकाळी ९ ते दुपारी ३ ची सावली काढून दाखव, सॉफ्टवेअरमध्ये निघते. पॅनल एका माळेत जोडलेली असतात त्यामुळे दोन पॅनलवर टाकीची सावली पडली तर माळेतली बाकीची पण ढेपाळतात. वर्षाला किमान किती युनिट मिळतील हे करारात लिहून द्यायला जो तयार होईल त्याच्याशी बोला, मग तो थोडा महाग असला तरी चालेल.

प्रश्न : आमचं घर कौलारू, चारी बाजूंनी माड आणि फणस. मुंबईचा भाऊ म्हणतो सोलर लाव. — सावंतवाडी

भावाला एकदा पावसात घरी बोलवा.

कौलांवर चढून पॅनल ठोकायचं म्हणजे कौलं फुटणार, वासे जुने असतील तर वजनाचा प्रश्न, वर माडाची सावली आणि वरून नारळ. वानरांबद्दल तर तुम्हाला मी काय सांगू. न्हाणीघरावर नाहीतर गोठ्यावर स्लॅब असेल आणि ऊन येत असेल तर तिथे, नाहीतर खळ्याच्या कडेला खांबांवर स्ट्रक्चर उभं करून लावता येतं. वारा मात्र लक्षात घ्या, २०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते आपण विसरलो नाही, पाया खोल आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, खाऱ्या हवेत साधे बोल्ट दोन पावसाळ्यांत गंजतात. आणि सोलरसाठी फणस तोडू नका.

प्रश्न : माझा छोटा बंगला, महिन्याला १८० युनिट जातात. एजंट म्हणतो ५ किलोवॉट लावा, जादा वीज विकून पैसे कमवा. — नाशिक

एजंटला कमिशन किलोवॉटवर मिळतं हो.

१८० युनिटला दीड-दोन किलोवॉट बास. जास्तीची युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात हे खरं, पण ३१ मार्चला हिशेब मिटवतात आणि उरलेल्या युनिटला जो दर मिळतो तो तुम्ही वीज कंपनीला देता त्याच्या जवळपाससुद्धा नसतो. सबसिडीचं पण असंच, पहिल्या दोन किलोवॉटला ३०-३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार आणि त्यापुढे शून्य. चौथा-पाचवा किलोवॉट पूर्ण तुमच्या खिशातून. उद्या एसी किंवा इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची असेल तर तीन घ्या. १० किलोवॉटपर्यंत वीज कंपनीच्या तांत्रिक तपासणीची अट २०२४ च्या नियमांत काढून टाकलीय, त्यामुळे ‘परवानगीचे वेगळे पैसे’ कुणी मागितले तर पावती मागा.

प्रश्न : मी भाड्याने राहते, गच्चीवर जायलाच बंदी आहे. माझ्यासारखीने काय करायचं? — अंधेरी

मुंबईत तुम्हाला एक मार्ग आहे जो फार लोकांना माहीत नाही. वीज कंपनीकडे ग्रीन टॅरिफ मागायचा. राज्य वीज नियामक आयोगाने २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली, तेव्हा युनिटमागे ६६ पैसे जादा होते, आताचा दर बिलामागच्या तक्त्यात किंवा कंपनीच्या ॲपवर बघा. तुमच्या वाट्याची वीज कंपनीने सौर-पवन वगैरे स्रोतांतून घ्यायची असा तो प्रकार. तारेतून येणारी वीज तीच असते, फरक खरेदीच्या हिशेबात पडतो, पण मागणी वाढली तर कंपनीला तशी वीज जास्त घ्यावी लागते. फक्त अर्ज मीटर ज्याच्या नावावर त्याचा लागणार, म्हणजे घरमालकाची सही आली. भाडेकरार रिन्यू करताना हळूच पुढे करा.

प्रश्न : एक कंपनी म्हणते आम्ही फुकट सोलर लावतो, तुम्ही फक्त युनिटचे पैसे द्या, २० वर्षांचा करार. आमची बिल्डिंग ३५ वर्षं जुनी आहे. — मुलुंड

फुकट नाही, पैसे ते घालतात आणि तुमच्याकडून महिन्याला काढून घेतात. यात वाईट काही नाही, ज्या सोसायटीकडे फंडच नाही तिला हा मार्ग बराच आहे, देखभाल पण त्यांच्याच गळ्यात. पण ३५ वर्षं जुन्या बिल्डिंगने २० वर्षांचा करार करायचा म्हणजे विचार करा, पाच-सात वर्षांत रीडेव्हलपमेंटचं बोलणं निघणारच. तेव्हा मध्येच करार मोडला तर किती भरपाई, पॅनल काढून न्यायचा खर्च कुणाचा, युनिटचा दर दरवर्षी किती टक्के वाढणार, पाच वर्षांनी प्लांट विकत घ्यायचा म्हटलं तर किंमत कशी ठरणार, ही चार कलमं वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको. स्वतःच्या पैशाने छोटं १० किलोवॉट लावलं तर मुलुंडला तुमच्या बिलाच्या हिशेबात ते तीन-चार वर्षांत फिटतं आणि बिल्डिंग पाडायच्या वेळी पॅनल उतरवून नव्या इमारतीवर चढवता येतात, नट-बोल्टचंच काम आहे.

प्रश्न : आमच्या कॉलनीत ४० रो-हाऊस आहेत. सगळ्यांनी एकदम करायचं ठरवलं तर काही फायदा होतो का की नुसती डोकेदुखी? — सांगली

दोन्ही होतं. एकत्र ऑर्डर दिली तर भावात घासाघीस करता येते, एकच व्हेंडर महिनाभर कॉलनीत मुक्काम ठोकतो, नंतर धुलाई-दुरुस्तीला पण एकच माणूस ठरवता येतो. तुमच्या शेजारच्याच साताऱ्यात, पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं, छोटं गाव आहे, जमलं तर चार जण मिळून बघून या, माणसं बोलतात.

पण अर्ज, मीटर, सबसिडी हे प्रत्येक घराचं वेगळंच राहणार, कॉलनीच्या नावाने एक अर्ज असं काही होत नाही. म्हणून कागदपत्रं जमवायचं काम एका माणसाकडे द्या. शक्यतो बँकेतून रिटायर झालेला असेल तर उत्तम, त्यांना झेरॉक्सवर सही राहिलेली लांबून दिसते. आणि एकाच रोहित्रावर (ट्रान्सफॉर्मरवर) ४० घरांचं सोलर येणार असेल तर वीज कंपनीच्या सब-डिव्हिजनला आधीच पत्र देऊन ठेवा. रोहित्राची क्षमता भरली की शेवटच्या पाच-सात घरांचे अर्ज लटकतात आणि मग कॉलनीत बोलणं बंद होतं.

प्रश्न : आम्ही चंद्रपूरला राहतो, कपडे वाळत घातले की राख बसते. घरात सोलरचा विषय काढला तर बाबा म्हणतात २५ वर्षांनी त्या पॅनलचा पण कचराच होणार, मग काय फरक? — अकरावीतली वाचक

बाबांचा प्रश्न बरोबर आहे, उत्तर मात्र ‘काय फरक’ हे नाही. पॅनलमध्ये काच, ॲल्युमिनियमची चौकट, सिलिकॉन, थोडं चांदी-तांबं आणि प्लास्टिकचे थर असतात. काच आणि ॲल्युमिनियम सहज निघतं, थर सोलणं अवघड. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सोलर पॅनल घेतलेत, म्हणजे जुनं पॅनल भंगारवाल्याला देऊन फोडायचं नाही. सगळं सुरळीत चाललंय असं मी म्हणणार नाही, अजून खूप व्हायचंय.

पण तुझ्या गावचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं आहे, राज्यातल्या सरकारी केंद्रांत सगळ्यात मोठं, आणि आपल्याकडच्या कोळशात राखच तीस-चाळीस टक्के असते. ती राख रोज निघते, २५ वर्षांतून एकदा नाही. मुंबई-पुण्यात आम्ही लिफ्टचं बटण दाबतो त्याचा काही भाग तुझ्या दोरीवरच्या कपड्यांवर येऊन बसतो. तेव्हा वरच्या सगळ्या पत्रांतली खरी पार्टी तूच आहेस, आणि तुझंच पत्र सगळ्यात छोटं होतं. बाबांना हा अंक दाखव, आणि ते तयार झाले तर पॅनल दर आठवड्याला धुवायचं काम अंगावर घे, कारण राखेचा थर बसला की वीज कमी होते आणि चंद्रपुरात ते टाळता यायचं नाही.

प्रश्न : सोलर लावून वर्ष झालं, पहिले सहा महिने छान, आता युनिट कमी येतायत. व्हेंडर फोन उचलत नाही. — सदाशिव पेठ, पुणे

कबुतरं.

नाही, खरंच आधी वर जाऊन बघा. पॅनलखालची सावली त्यांना फार आवडते, घरटी करतात, आणि वरच्या पॅनलवर बसून जे करायचं ते करतात. तो डाग वाळला की नुसत्या पाइपच्या पाण्याने जात नाही आणि ज्या सेलवर बसलाय तो सेल तापून कायमचा खराब होऊ शकतो. सकाळी लवकर पॅनल गार असताना मऊ ब्रश आणि साधं पाणी. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका, तडा जातो. बोअरचं पाणी असेल तर पांढरे डाग राहतात, तेव्हा शेवटचा हात टाकीच्या पाण्याने फिरवा. मग कडेने जाळी मारून घ्या.

एवढं करूनही आकडा वाढला नाही तर इन्व्हर्टरच्या ॲपमध्ये प्रत्येक माळेचा आकडा वेगळा दिसतो, तो बघा. एक माळ शून्य दाखवत असेल तर फ्यूज किंवा कनेक्टर गेलाय, व्हेंडरशिवाय हात लावू नका, डीसी करंट चटकन सोडत नाही. व्हेंडर फोन उचलत नसेल तर ॲपचा स्क्रीनशॉट, वर्क ऑर्डर आणि वॉरंटी कार्ड जोडून त्याला लेखी कळवा आणि तीच तक्रार पोर्टलवर टाका. यादीतून नाव जाईल म्हटलं की बहुतेकांचा फोन आपोआप लागतो.